साप जेवत नाही तेव्हा

प्रश्न : आमच्या घरी अडीच वर्षांचा नर बॉल पायथन (एक आफ्रिकी अजगर) आहे. त्याची रीतसर नोंदणी केलेली आहे. ८ नोव्हेंबरला त्याने शेवटचा उंदीर खाल्ला आणि आज १२ जानेवारीपर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांहून अधिक काळ, त्याने कशालाही तोंड लावलेले नाही. त्यापूर्वी तो दर दहा-बारा दिवसांनी न चुकता खात असे. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही त्याला जुन्या प्लास्टिकच्या टबमधून तीन फुटी काचेच्या पेटीत हलवले. ही पेटी दिवाणखान्यात टीव्हीशेजारी आहे, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) आहे आणि काचेवर चिकटवलेला तापमापक २९ अंश दाखवतो. दर तीन दिवसांनी आम्ही जिवंत उंदीर आत सोडतो, तो रात्रभर आत राहतो आणि सकाळी तसाच काढून घ्यावा लागतो. काळजीपोटी माझा मुलगा सापाला रोज हातात घेऊन पाहतो. नोव्हेंबरात वजन १,१४० ग्रॅम होते, परवा ते १,०८५ भरले. सासूबाई म्हणतात, वाटीभर दूध ठेवून पाहा. मुलाचा मित्र म्हणतो, तोंड उघडून उंदीर आत सरकवा. दोन्ही करण्याचे धैर्य होत नाही. घर शाकाहारी असल्याने गोठवलेले उंदीर फ्रीजमध्ये ठेवण्याची सोय नाही. साप आजारी आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण नोव्हेंबरचे आणि आताचे अशी दोन्ही वजने कळवली, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. साप किती आठवडे उपाशी आहे यावरून त्याची प्रकृती कळत नाही. त्याचे किती वजन गेले यावरून कळते. आपल्या सापाचे नऊ आठवड्यांत ५५ ग्रॅम वजन कमी झाले, म्हणजे मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहूनही थोडे कमी. त्यातही एकदा विष्ठा पडून गेली की वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो, तेव्हा अंगातले मांस आणि चरबी प्रत्यक्षात याहून कमीच गेली असावी. किलोभर वजनाच्या, वयात आलेल्या नराच्या बाबतीत ही घट घाबरण्याजोगी नाही, आणि आपण लिहिलेल्या हकिकतीवरून तो आजारी आहे असे मला वाटत नाही. त्याच्या पेटीबद्दल मात्र मला बरेच काही सांगायचे आहे.

कुत्र्याने किंवा मांजराने दोन दिवस अन्न सोडले तर आपण दवाखाना गाठतो आणि ते योग्यच आहे, कारण त्यांना शरीर गरम ठेवण्यासाठी रोज इंधन लागते. सापाच्या शरीराला हा खर्च नसतो. ऊब तो बाहेरून घेतो. दोन जेवणांच्या मधल्या काळात अजगरवर्गीय सापांचे आतडे आक्रसते, पाचकरस जवळजवळ थांबतात आणि शरीर अत्यंत काटकसरीने चालते. भक्ष्य गिळले की हा सारा कारखाना नव्याने सुरू करावा लागतो. ब्रह्मदेशी अजगरावर झालेल्या अभ्यासात तर जेवणानंतर दोन-तीन दिवसांत हृदयाचा आकार सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेला आढळला आहे. एवढा व्याप उभा करायचा तर आधी पुरेशी ऊब आणि निर्धास्तपणा हवा, आणि या दोहोंपैकी एकाची जरी खात्री नसली तरी साप जेवण पुढे ढकलतो.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. तेथे तो गवताळ प्रदेशात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो, आणि वर्षातील थंड-कोरडे महिने पुष्कळदा न खाता काढतो. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हा तीही सहसा अन्न घेत नाही. पाळीव नरांच्या बाबतीत नोव्हेंबर ते मार्च हा मिलनाचा काळ असतो आणि वयात आलेले कित्येक नर या दिवसांत दोन-तीन महिने, काही त्याहूनही अधिक काळ, भक्ष्याकडे ढुंकून पाहत नाहीत. आपला साप अडीच वर्षांचा आहे, म्हणजे वयात आल्यानंतरचा त्याचा हा पहिला किंवा दुसरा हिवाळा. मागच्या हिवाळ्यात त्याने खाल्ले असले तरी या वर्षी न खाणे हे त्याच्या वयाला धरूनच आहे.

एवढ्यावर हात जोडून बसता येणार नाही, कारण ऋतूबरोबरच आपण त्याची पेटीही बदलली आहे. काचेवर चिकटवलेला तापमापक काचेचे आणि तिच्या लगतच्या हवेचे तापमान सांगतो. साप ज्या जागी पोट टेकून बसतो तेथले सांगत नाही. तो तापमापक आपण कोणत्या वेळी पाहिला हाही प्रश्न आहेच. पुण्यात जानेवारीत दुपारी पारा तिशीजवळ असतो आणि पहाटे तो दहा-बारा अंशांवर, काही दिवस त्याच्याही खाली उतरतो. बंद दिवाणखान्यात एवढी थंडी नसली तरी फरशी गारठते, आणि काचेची, वर जाळी असलेली पेटी आपली ऊब रात्रभर गमावत राहते. जुन्या प्लास्टिकच्या टबमध्ये तीच ऊब कोंडून राहत असे. माझी आपल्याला पहिली विनंती अशी, की तार असलेला डिजिटल तापमापक आणून त्याचे टोक पेटीच्या तळाशी, सापाच्या बसायच्या जागी ठेवावे आणि पहाटे पाच वाजता उठून आकडा वाचावा. उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७ अंश, आणि रात्री कोठेही २४ च्या खाली नाही, एवढे साधले पाहिजे. पहाटेचा आकडा वीस-बावीस निघाला तर उपवासाचे निम्मे कारण हाती आले असे समजावे. अशा थंडीत त्याने उंदीर गिळला असता, तर तो पोटात न पचता कुजला असता आणि चार दिवसांनी ओकून बाहेर आला असता. तेव्हा त्याने खाल्ले नाही हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच झाले.

हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारे उपकरण, जोडला आहे की नाही हे आपण लिहिलेले नाही. नसेल तर तो आजच आणावा, ही गोष्ट पुढच्या महिन्यावर टाकू नये. अनियंत्रित मॅटवरची काच ४५ अंशांच्या पलीकडे तापू शकते, आणि सापाला पोटाखालचा चटका आपल्याइतक्या तत्परतेने टाळता येत नाही. पोटाच्या खवल्यांवर लालसर किंवा तपकिरी डाग दिसू लागेपर्यंत भाजलेले असते. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल किंवा जाड पुठ्ठा लावावा आणि वरच्या जाळीचा दोन-तृतीयांश भाग झाकावा. यामुळे ऊब टिकते, आणि आर्द्रताही टिकते. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते आणि पुण्यातल्या हिवाळ्याची दुपार त्या मानाने फार कोरडी असते. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा घालून तो एका कोपऱ्यात किंचित ओलसर ठेवला की काम भागते. देखभालीसाठी वीज जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवून ठेवाव्यात.

यानंतरचा मुद्दा लपणाचा. बिळात राहणाऱ्या प्राण्याला चारही बाजूंनी काच असलेल्या तीन फुटी पेटीत ठेवले, की त्याला भर चौकात उभे केल्यासारखे वाटत असले पाहिजे. पेटीत दोन लपणे असावीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि दोन्ही सारखीच असावीत. तशी नसतील तर साप आवडत्या लपणासाठी ऊब सोडतो किंवा उबेसाठी लपण सोडतो. लपण प्रशस्त नसावे. वेटोळे घातल्यावर त्याच्या अंगाला तिन्ही बाजूंनी भिंत लागेल एवढेच असावे. एका बाजूने दार कापलेली मातीची कुंडी उपडी घातली तरी चालते, फक्त कापलेली कड घासून बोथट केलेली असावी. पेटी टीव्हीशेजारून उचलून घरातल्या सर्वांत कमी वर्दळीच्या खोलीत न्यावी. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीचा आणि फळीचा कंप तो जबड्याच्या हाडातून टिपतो, आणि टीव्हीचा स्पीकर ज्या फळीवर आहे त्याच फळीवर त्याचे घर असेल तर त्याला दिवसभर स्वस्थता कोठून मिळणार?

रात्रभर जिवंत उंदीर आत ठेवण्याचा प्रकार मात्र कृपया ताबडतोब थांबवावा. ज्या सापाला भूक नाही तो स्वतःचा बचावही करत नाही. तो वेटोळ्यात डोके लपवून बसतो आणि भुकेलेला उंदीर त्याची पाठ कुरतडतो. पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेला साप मी उपचारासाठी आलेला पाहिला आहे, आणि त्याच्या मालकांचाही सापाला काही इजा व्हावी असा हेतू नव्हता. त्या रात्री उंदरालाही जी भीती सोसावी लागते ती अकारण आहे. गोठवलेला उंदीर हाच दोघांच्या दृष्टीने चांगला मार्ग. आपल्या घरातील अडचण मी समजू शकतो. शाकाहारी घराचा हा आक्षेप रास्त आहे आणि आरोग्याच्या दृष्टीनेही सापाचे अन्न माणसांच्या अन्नाशेजारी असू नये. एखादा लहान, स्वतंत्र डीप फ्रीझर मुलाच्या खोलीत ठेवता येईल, किंवा सापाला पुन्हा नियमित भूक लागेपर्यंत एका वेळी एकच गोठवलेला उंदीर आणून त्याच दिवशी वापरता येईल.

दुधाबद्दल सासूबाईंना आदराने असे सांगावे, की सापाला दूध पचत नाही. त्याच्या जातीने कोट्यवधी वर्षांत दूध कधी पाहिलेले नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो म्हणून. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल तो द्रव पितो आणि मग त्याच दुधाने आजारी पडतो. आपल्या सापाला ताज्या पाण्याचे जड, न कलंडणारे भांडे द्यावे आणि पाणी रोज बदलावे. उपवासात पाणी पोटात जात असेल तर पुष्कळ काही सुरक्षित राहते.

तोंड उघडून उंदीर आत सरकवण्याचा विचारही मनात आणू नये. सापाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, ते मोडतात. हिरड्यांना जखम होते आणि त्या जखमेत पू धरतो. घाईत घास श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकू शकतो. एवढे सारे टळले तरी भयाने तो बहुधा तो घास ओकून टाकतो, आणि ओकल्यावर पोटातले आम्ल व क्षार गेल्यामुळे पुढचे दोन आठवडे त्याला काहीच देता येत नाही. भूक वाढावी म्हणून मेट्रोनिडॅझोलसारखे औषध स्वतःच्या मनाने देण्याची पद्धतही मी ऐकली आहे. त्याची मात्रा जास्त झाली तर सापाच्या मज्जासंस्थेला इजा होते आणि तो मान वाकडी करून कलंडू लागतो. पशुवैद्याने तपासल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो. पेटीची वर सांगितलेली दुरुस्ती एका दिवसात उरकून घ्यावी आणि त्यानंतर पूर्ण दहा दिवस सापाला कोणीही हात लावू नये, अन्नही दाखवू नये. आपल्या मुलाची माया मला समजते, पण रोज हातात घेतल्या जाणाऱ्या सापाला रोज एखादा शिकारी प्राणी पकडून नेतो आहे असेच वाटते, आणि या दिवसांत मुलाने दाखवावयाची सर्वांत मोठी माया म्हणजे पाणी बदलून, आकडे वहीत लिहून मागे सरणे. वजनही दर रोज घेऊ नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, झाकणाच्या डब्यासकट काट्यावर ठेवून घ्यावे आणि डब्याचे वजन वजा करावे. अकराव्या दिवशी रात्री, घर निजल्यावर, ६० ते ८० ग्रॅमचा एक उंदीर द्यावा. तो आधी बंद डब्यात हळूहळू वितळू द्यावा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताला सोसेल अशा गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि पुसून कोरडा करावा. उकळते पाणी किंवा मायक्रोवेव्ह वापरू नये. मांस बाहेरून शिजते, आतून गार राहते आणि उंदीर फुटतोही. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि अंधारात तो त्यांच्याच आधारे शिकार हेरतो, म्हणून उंदराचे डोके शरीराच्या इतर भागापेक्षा थोडे अधिक गरम करणे फायद्याचे ठरते. लांब चिमट्याने शेपटीकडून धरून लपणाच्या दारासमोर तो संथपणे हलवावा, सापाच्या तोंडावर नाचवू नये. दहा मिनिटांत त्याने झडप घातली नाही तर उंदीर दाराशी ठेवून दिवे मालवावेत आणि झोपावे. सकाळी उरला असेल तर फेकून द्यावा, पुन्हा गोठवू नये. पुढचा प्रयत्न दहा दिवसांनी. दर तीन दिवसांनी केलेला प्रयत्न सापाच्या मनात अन्नाची आणि भीतीची सांगड घालून देतो, आणि ती सुटायला वेळ लागतो.

डोळे दुधाळ-निळसर आणि अंगाचा रंग मळकट दिसला तर तो कात टाकण्याच्या तयारीत आहे असे समजून त्या आठवड्यातील प्रयत्न गाळावा. कात एकसंध निघाली का, डोळ्यांवरचे गोल पापुद्रे तीत आले का, हे मात्र नीट पाहावे. डोळ्यावर जुना पापुद्रा अडकला तर दिसणे मंदावते आणि तेही न खाण्याचे कारण ठरते.

हे सारे करूनही वजन १,०२५ ग्रॅमच्या खाली गेले, म्हणजे एकूण घट दहा टक्क्यांवर पोहोचली, तर महिना कोणताही असो, पशुवैद्याकडे जावे. पुढील चिन्हांपैकी एखादे जरी दिसले तर वजनाची वाटच पाहू नये : श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज, नाकातोंडातून चिकट स्राव, तोंड उघडे ठेवून मान वर धरून बसणे, हिरड्यांवर लाली किंवा दह्यासारखा पू, अंगावर किंवा पाण्याच्या भांड्यात राईएवढे काळे हलणारे ठिपके, पातळ व अतिशय दुर्गंधी विष्ठा, पाठीचा कणा वर येऊन दोन्ही अंगांना खळगे पडणे. काळे ठिपके हे सापाच्या रक्तावर जगणारे माइट्स असतात आणि ते दुसऱ्या सापांतही रोग नेतात. पुण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, सापांचा अनुभव असलेले पशुवैद्य मात्र मोजकेच, म्हणून आधी फोन करून स्पष्ट विचारावे. जाताना वजनांची वही आणि मिळाल्यास ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन जावी. जंत आणि इतर परजीवी तीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सापाला सुती उशीच्या अभ्ऱ्यात घालून, गाठ मारून, हवा खेळेल अशा डब्यात न्यावे. जानेवारीच्या सकाळी दुचाकीवर समोर ठेवून नेऊ नये. तो वारा त्याला सोसत नाही.

एक खबरदारी घरातल्या माणसांसाठी. निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातील मोरीत विसळू नये, आणि घरात वृद्ध किंवा पाच वर्षांखालील मूल असेल तर त्यांनी सापाला न हाताळणेच बरे.

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर रखवालदाराला एक फूटभर लांबीचा, जाडसर, ठिपक्यांचा साप सापडला. ते अजगराचे पिल्लू आहे असे सर्वांचे म्हणणे पडल्याने माझ्या पुतण्याने तो प्लास्टिकच्या बरणीत ठेवला आहे. तीन आठवडे झाले, तो उकडलेले अंडे, बेडूक, चिकनचे तुकडे यांपैकी काहीच खात नाही. काय द्यावे?
– एक वाचक, धायरी

उत्तर : हे पत्र हाती येताच आपल्याला फोनवर कळवले होते, इतरांसाठी येथे पुन्हा लिहितो. त्याला काहीही देऊ नये, बरणी उघडू नये, हलवू नये. झाकण घट्ट असल्याची खात्री करून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि ते पाठवतील त्या माणसाच्या हाती बरणी तशीच द्यावी. महाराष्ट्रात अजगराचे पिल्लू म्हणून उचललेला जाडसर ठिपक्यांचा साप पुष्कळदा घोणस निघतो. घोणशीचे पिल्लूही जन्मल्या क्षणापासून विषारी असते. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांचे लंबगोल ठिपके साखळीसारखे तीन ओळींत असतात, खवले खरखरीत असतात आणि डिवचल्यावर ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. अजगराच्या अंगावरचे पट्टे वेडेवाकडे, एकसारखे नसलेले आणि खवले गुळगुळीत, चमकदार असतात. हा फरक घरबसल्या बरणीतल्या सापावर पडताळून पाहण्याचा नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली उभ्या केलेल्या कात्रजच्या सर्पोद्यानात पुतण्याला घेऊन जावे आणि हे साप काचेपलीकडून निवांत पाहावेत.

तो खात का नाही, याचे उत्तर सोपे आहे. रानातून पकडलेला साप बरणीत, उजेडात, माणसांच्या नजरेखाली सतत भयाने ताठ असतो, आणि भीतीत कोणताही साप शिकार करत नाही. मेलेले, शिजवलेले अन्न तर तो ओळखतच नाही. आपल्याकडे निसर्गात आढळणारा साप पकडून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाही आहे. पुतण्याने कुतूहलाने केले हे मला मान्य आहे, म्हणूनच विलंब न करता त्याला यातून मोकळे करावे. चुकून दंश झालाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांत एक मिनिटही न घालवता, तो अवयव शक्य तितका न हलवता सरकारी रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते, त्यामुळे साप ओळखण्यासाठी किंवा मारून सोबत नेण्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

प्रश्न : नोव्हेंबरात बॉल पायथनचे पिल्लू घेतले. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ते तेव्हा दीड महिन्याचे होते. वजन ६२ ग्रॅम होते, आता ५७ आहे. पाच आठवड्यांत एकदाही खाल्लेले नाही. हिवाळ्यात हे साप खात नाहीत असे वाचल्याने मी वाट पाहत आहे. हे बरोबर आहे ना?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : नाही. वर कोथरूडच्या वाचकांना मी धीर धरा म्हणून सांगितले, ते आपल्याला लागू नाही. हिवाळ्यातला उपवास मोठ्या सापांना परवडतो. ६० ग्रॅमच्या पिल्लाकडे साठवणच नसते, आणि आपल्या पिल्लाने आठ टक्के वजन आताच गमावले आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर आठ-दहा दिवसांत पहिली कात पडते आणि त्यानंतर ते खाऊ लागले पाहिजे. म्हणून विक्रेत्याला आजच विचारावे : त्याने तेथे कधी खाल्ले होते का, किती वेळा, आणि काय? प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर दोन जातींचे मिळतात, लहान जातीचे माउस आणि मोठ्या जातीचे रॅट. माउसवर वाढलेले पिल्लू पुष्कळदा रॅटच्या पिल्लाला अन्न मानत नाही. तेथे जे खात होते तेच, तितक्याच वजनाचे, साधारण आठ-नऊ ग्रॅमचे, द्यावे.

मोठी पेटी असेल तर पिल्लाला तीतून काढून बुटांच्या खोक्याएवढ्या, भोके पाडलेल्या टबमध्ये ठेवावे, खाली चुरगळलेला कागद आणि एक चिंचोळे लपण. उबेचे आकडे वर दिले आहेत तेच. चार-पाच दिवस शांत ठेवून रात्री प्रयत्न करावा; चिमट्याला दाद दिली नाही तर पिल्लू आणि गरम केलेला मृत उंदीर दोन्ही कागदी पिशवीत घालून, पिशवीचे तोंड दुमडून, ती टबमध्येच रात्रभर ठेवावी. अंधार, अरुंद जागा आणि उंदराचा वास एकत्र आले की कित्येक अडून बसलेली पिल्ले पहाटेपर्यंत घास गिळून मोकळी झालेली मी पाहिली आहेत. अशा दोन प्रयत्नांत यश आले नाही, किंवा वजन ५५ ग्रॅमला टेकले, तर अनुभवी पशुवैद्याकडे न्यावे. ते उंदराचे नाक हलकेच तोंडात अडकवून देतात आणि पुढचे गिळणे पिल्लू स्वतः करते. जबरीने भरवण्यापेक्षा हा मार्ग सौम्य आहे, पण तो हात बसलेल्या माणसाचे काम आहे.

आपण पत्रात कागदपत्रांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. बॉल पायथन हा वन्य जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी केली पाहिजे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवले पाहिजे. विक्रेत्याकडून त्याच्या नोंदणीची प्रत मागून घ्यावी. कागद नाहीत या भीतीने पिल्लाला दवाखान्यात नेण्याचे मात्र टाळू नये.

पहिला घास गिळल्यावर त्याला दोन दिवस मुळीच हात लावू नये, वजनही करू नये, आणि पुढचा उंदीर सात दिवसांनी त्याच मापाचा द्यावा. सलग तीन वेळा त्याने स्वतःहून खाल्ले की मगच त्याला मोठ्या पेटीत हलवावे.